कप्तानाचं तळं

धाकटीला प्रादेशिक सरकारच्या उद्यान विभागात नोकरी लागली, तेव्हा तिच्या ताईने शेजारणीला मोठ्या थाटात सांगितलं होतं, "आमची धाकटी आता सरकारी झाडांना पाणी घालणार." त्याला कित्येक वर्षं झाली. धाकटीच्या केसांत पांढऱ्या बटा आल्या, ऑफिसात तिला खिडकीजवळची जागा मिळाली, पण सरकारी झाडाला पाणी घालायची वेळ काही तिच्यावर आली नाही. ती कागदावर बागा मांडायची. कुठलं रान तसंच राहू द्यायचं, कुठल्या टेकडीवर वाट काढायची, कुठला ओढा मोकळा सोडायचा, हे ठरवून नकाशात रंग भरायचे, हे तिचं काम. ते ती मन लावून करायची.

त्या वर्षी सरकारने सगळ्या प्रदेशाचा मिळून एक मोठा आराखडा करायला घेतला. बागा, पाणवठे, राखीव रानं, सगळं त्यात यायचं होतं. विभागातल्या माणसांना गावं वाटून दिली गेली आणि धाकटीच्या वाट्याला नेमकं ताईचं गाव आलं. ती खूश झाली. कामाच्या निमित्ताने ताईकडे जेवायला जाता येईल, एवढंच तेव्हा तिच्या डोक्यात आलं.

ताईच्या गावात मोठी बाग होती आणि बागेत तळं. तळं चांगलं ऐसपैस, भोवती सिमेंटची भिंत, मधोमध एक कारंजं, जे बंद पडून जमाना लोटला होता. पाण्यावर पायडल मारायच्या होड्या होत्या, पांढऱ्या बदकांच्या आकाराच्या. त्या होड्या सांभाळायचे धाकटीचे भाऊजी. गाव त्यांना कप्तान म्हणायचं. कुठल्याशा नाटक मंडळीने मोडीत काढलेली सोनेरी काठाची टोपी त्यांना मिळाली होती, ती डोक्यावर चढवून ते लोकांना हात देऊन होडीत बसवायचे आणि गंभीर चेहऱ्याने सांगायचे, "समुद्र खवळलाय, जपून जा." ताई तिकिटाच्या खिडकीत बसायची.

कॉलेजची वर्षं धाकटीने या दोघांच्या घरी काढली होती. परीक्षा जवळ आली की भाऊजी तिला पुस्तकांसकट एका बदकात बसवायचे, दोरीने ओढत तळ्याच्या मध्यावर नेऊन सोडायचे आणि म्हणायचे, "आता वाच. इथे कुणी हाक मारणार नाही, आणि कंटाळा आला तरी पळून जाता येणार नाही." धाकटी पास झाली ती त्या बदकाच्या पोटात बसून, असं ताई अजून सगळ्यांना सांगायची.

आता त्याच तळ्याचं काय करायचं हे धाकटीला लिहायचं होतं.

तिने पाण्याचे नमुने तपासून घेतले होते. पाणी वाईट होतं. पूर्वी डोंगराकडून येणारा ओढा तळ्यात उतरायचा आणि पलीकडून बाहेर पडायचा. रस्ता रुंद करताना तो ओढा जमिनीखाली नळात घातला आणि तळं एखाद्या बादलीसारखं साचून राहिलं. उन्हाळ्यात ते पार हिरवं व्हायचं, मासे पोट वर करून तरंगायचे. उपाय सरळ होता. सिमेंटची भिंत फोडायची, ओढा उघडा करून परत आत घ्यायचा, काठाने लव्हाळी आणि पाणकणसं वाढू द्यायची. पाणी आपोआप निवळलं असतं, पक्षी आले असते. फक्त एवढ्या उथळ, गवताळ पाण्यात होड्या चालल्या नसत्या.

हे सगळं धाकटीने एका बैठकीत लिहून काढलं. लिहिताना हात कुठे अडला नाही. मग वाचायला घेतलं आणि "नौकाविहार बंद करावा" या ओळीपाशी तिने कागद खाली ठेवला.

सांगायचं तर आपण स्वतः सांगू, दुसऱ्याकडून कळायला नको, असं ठरवून ती रविवारी ताईकडे गेली. ताई टेबलाशी बटाटे सोलत होती. भाऊजींनी एका बदकाची मोडकी चोच घरी आणली होती आणि वर्तमानपत्र पसरून ते ती चिकटवत बसले होते.

"भाऊजी," धाकटीने सुरुवात केली, "तळ्याचं पाणी फार हिरवं दिसतंय हो."

"तुला लांबून दिसतंय," भाऊजी म्हणाले. "मला जवळून दिसतं."

"म्हणजे मी म्हणत होते, त्याचं पुढे काय…"

"अगं, यांच्यापुढे तळ्याचा विषय काढू नकोस," ताई मध्येच म्हणाली. "यांचा जीव आहे त्यात. उद्या तळं आजारी पडलं तर हे त्याच्या उशाशी बसतील."

भाऊजींनी मान वर केली नाही. चोच दोन्ही हातांत घट्ट दाबून धरून ते डिंक वाळायची वाट बघत राहिले. धाकटीला त्या गप्प बसण्यात सगळं उत्तर मिळालं. पुढचं बोलणं तिने सोडून दिलं, बटाटे खाल्ले आणि संध्याकाळच्या गाडीने परत आली.

दुसऱ्या दिवशी तिने आराखडा बदलला. तळ्याच्या अर्ध्या बाजूची भिंत फोडावी, अर्ध्या बाजूला होड्या चालू ठेवाव्यात, मध्ये एक बांध घालावा. कागदावर ते छानच दिसलं. एकीकडे हिरवा रंग, एकीकडे निळा.

तिच्या साहेबांना ऑफिसात सगळे खोडरबर म्हणायचे, कारण त्यांच्या हाताखालून कुठलाही कागद आला तसा परत जायचा नाही. त्यांनी नकाशा बराच वेळ न्याहाळला.

"हे काय आहे?"

"मधला मार्ग, सर. गावालाही चालेल."

"गावाला चालेल, पाण्याला चालेल का? ओढा बांधाशी येऊन काय करणार, रजा घेणार? बाई, तुमचा आराखडा तळ्यात-मळ्यात खेळतोय. एक उडी तळ्यात, एक उडी मळ्यात."

"लोकांचा विरोध होईल, सर. निदान अर्धं तरी पदरात पडेल."

खोडरबरांनी तिच्याकडे चष्म्यावरून पाहिलं. "जनसुनावणीत ठेवा," एवढंच म्हणाले. "लोक काय म्हणतात बघू."

जनसुनावणी गावच्या वाचनालयाच्या सभागृहात होती. धाकटीला वाटलं होतं, चारदोन माणसं येतील, चहा पितील आणि जातील. पण सभागृह भरून लोक भिंतीशी उभे राहिले. "आमच्या होड्या वाचवा" असे फलक घेऊन आले होते. पुढच्या रांगेत औषधांच्या दुकानाचे मालक, त्यांच्या शेजारी निवृत्त मुख्याध्यापिका. दुसऱ्या रांगेत कडेला ताई आणि भाऊजी बसले होते. भाऊजींनी टोपी मांडीवर ठेवली होती.

धाकटीने नकाशा दाखवला, बांध दाखवला. तिचं बोलणं संपायच्या आधीच औषधवाले उठले. "अर्धं तळं म्हणजे काय? उद्या म्हणाल अर्धी बाग, परवा म्हणाल अर्धं गाव. आमचं लहानपण त्या होड्यांत गेलंय. एक इंचही चिखल होऊ देणार नाही."

टाळ्या पडल्या. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "कप्तानांचा तरी विचार करा. त्यांनी आयुष्य घातलं त्या तळ्यात." पुन्हा टाळ्या. मग मागून कुणीतरी, चेहरा न दाखवता, मोठ्याने म्हणालं, "त्यांचा विचार झालाय की! बाई त्यांची सख्खी मेव्हणी आहे. म्हणून तर निम्म्या होड्या वाचल्या. तळं राखील तो पाणी चाखील!"

सभागृह हसलं. धाकटीचे कान गरम झाले. खोटं असतं तर तिने फाडकन उत्तर दिलं असतं, पण ते पुरतं खोटंही नव्हतं. हातातली पट्टी नकाशावर तशीच टेकलेली राहिली.

तेवढ्यात भाऊजी उठले. ते सभेत कधी बोलायचे नाहीत, त्यामुळे लोक आधी गप्प झाले आणि मग टाळ्या वाजवू लागले. भाऊजींनी टोपी खुर्चीवर ठेवली.

"चाखायचं कोण म्हणालं ते?" त्यांनी मागे वळून विचारलं. "असू दे, नाव नको. पण चाखायचंच असेल तर चला, आत्ता चला. एक पेला भरून देतो. माझ्या मेव्हणीच्या आधी मान तुमचा."

आता हसू उलट्या बाजूने फुटलं. भाऊजी हसले नाहीत. त्यांनी शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या आणि हात वर केले. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी लाल झाली होती, सोलवटली होती, जागोजाग चिरा पडल्या होत्या.

"हे मी रोज चाखतो. डॉक्टर म्हणतात, त्या पाण्यात हात घालू नका. मी म्हणतो, मग घालू कुठे? उन्हाळ्यात मेलेले मासे जाळीने काढतो, तेही तुम्ही फिरायला यायच्या आधी. तुम्हाला दिसू नयेत म्हणून. आता वाटतं, दिसू द्यायला हवे होते." ते औषधवाल्यांकडे वळले. "तुम्ही होडीत शेवटचे कधी बसलात?"

"मी… म्हणजे, लहानपणी…"

"आणि बाई, तुम्ही?"

"मला कुठला वेळ मिळतो," मुख्याध्यापिका म्हणाल्या.

"बरोबर आहे. सगळे लहानपणीच बसलात. तुमचं लहानपण मी रोज सकाळी ब्रशने घासतो. फार शेवाळ चढतं हो त्याच्यावर." ते थोडं थांबले. पुढचं धाकटीकडे बघून बोलले, पण आवाज सगळ्यांना ऐकू गेला. "अर्धं नको. पूर्ण करा. भिंत फोडा आणि ओढा येऊ द्या. मी थकलोय."

टाळ्या पडल्या नाहीत. हातातले फलक हळूहळू खाली आले. धाकटीने पाहिलं, ताई समोर कुठेतरी नजर लावून बसली होती आणि तिने मांडीवरची पर्स दोन्ही हातांनी आवळून धरली होती.

तिघं घरी पोचली. ताई थेट स्वयंपाकघरात गेली. भांडी घासलेलीच होती, ती तिने पुन्हा घासायला काढली. भांड्यांच्या आवाजावरून ती किती चिडलीय ते कळत होतं.

"चारचौघांत," शेवटी ती म्हणाली. तोंड नळाकडे होतं. "जे उशीला डोकं टेकून सांगायचं, ते चारचौघांत सांगितलंत. मला गावाबरोबर कळलं."

"लोक हिला बोलले, ते ऐकून मला राहवलं नाही," भाऊजी म्हणाले.

"आणि इतकी वर्षं राहवलं?"

"अगं, तूच जो येईल त्याला सांगायचीस, यांचा जीव आहे त्यात. मग मी कुठल्या तोंडाने म्हणणार होतो, की नाही?"

ताई गर्रकन वळली. हातावरून फेस ओघळत होता. "माझा होता!" ती म्हणाली. "माझा जीव होता त्यात. स्वतःचा म्हणायची लाज वाटायची, म्हणून तुमचा म्हणायचे. त्या खिडकीत बसून मी सगळं गाव पाहिलं. कोण कुणाबरोबर आलं, कोण रुसून एकटं परत गेलं, कुणाच्या लेकराला दात आला. घरी बसून मला काय दिसलं असतं? ही भिंत."

भाऊजी खुर्चीवर बसले. त्यांना हे नवीन होतं. इतक्या वर्षांच्या संसारात माणसाला एखादी गोष्ट इतकी नवीन लागावी, याचंच त्यांना जास्त नवल वाटत होतं, असं त्यांच्या तोंडावरून दिसलं.

"ताई, माझंच चुकलं," धाकटी म्हणाली. "मी तुम्हा दोघांना वाचवायला म्हणून…"

"तू तर बोलूच नकोस," ताई म्हणाली. "एकदा विचारायचंस तरी! यांना नाही विचारलंस, मला नाही विचारलंस. तुझ्या नकाशात रंग भरतेस ना, तसं आमच्या मनात काय आहे ते तूच भरून टाकलंस."

धाकटी फडकं घेऊन भांडी पुसू लागली. थोड्या वेळाने ताईनेच तिच्यापुढे चहाचा कप ठेवला, जरा आपटूनच, पण साखर बरोबर घातलेली होती.

ऑफिसात परतल्यावर धाकटीने खोडरबरांना सगळं सांगितलं. नातं आधी सांगायला हवं होतं, हेही सांगितलं. "कप्तान तुमचे कोण, हे आपल्या चहावाल्यालाही ठाऊक आहे," ते म्हणाले. "तुम्ही स्वतःहून कधी बोलता, याची वाट बघत होतो." त्यांनी ते गाव तिच्याकडून काढून दुसऱ्या सहकाऱ्याकडे दिलं आणि तिला डोंगरापलीकडचं एक रान दिलं, जिथे तिचं कुणी नातेवाईक नव्हतं. धाकटीला वाईट वाटलं आणि हलकंही वाटलं. मूळचाच मसुदा, पूर्ण तळ्याचा, पुढे मंजूर झाला. गावाने कुरकुर केली, पण कप्तानच नको म्हणतो म्हटल्यावर कुणाच्या नावाने ओरडणार?

ताई मात्र तिच्याशी मोजकंच बोलायची. फोन केला की "बरं आहे," "ठेवते," एवढंच. तळं रिकामं करायच्या आदल्या दिवशी भाऊजींनी बोलावलं म्हणून धाकटी गेली, तेव्हा ताई तिकिटाच्या खिडकीत बसली होती. शेवटच्या दिवशी बरीच माणसं येऊन गेली होती, औषधवालेसुद्धा. ते भर दुपारी एकटेच बदकात बसून, तांबडेलाल होईपर्यंत पायडल मारून गेले होते. ऊन उतरलं तसे लोक पांगले.

भाऊजी खिडकीपाशी आले. "चल," ते ताईला म्हणाले.

"कुठे?"

"एक चक्कर मारू."

"मी? मी कशी येणार? खिडकीत कोण बसेल?" ताई सवयीने म्हणून गेली आणि मग तिचं तिलाच उमगलं. तेव्हा धाकटीलाही कळलं, की इतक्या वर्षांत तिने ताईला होडीत कधीच पाहिलं नव्हतं. कुणीतरी खिडकीत असावं लागायचंच.

भाऊजींनी टोपी धाकटीच्या हातात दिली आणि ताईला हात देऊन बदकात बसवलं. ताईला पायडलचा अंदाज येईना. होडी जागच्या जागी गरागरा फिरू लागली. "अहो, तुमच्या बाजूने मारा ना!" "अगं, तू जरा थांब, मग मी मारतो!" "थांबले की मागे जातेय!" त्यांचे आवाज पाण्यावरून स्पष्ट ऐकू येत होते आणि काठावर धाकटीला हसू आवरत नव्हतं. मग कसाबसा मेळ जमला. बदक डुलत डुलत तळ्याच्या मध्यावर गेलं आणि बंद पडलेल्या कारंज्यापाशी थांबलं. तिथलं बोलणं ऐकू येत नव्हतं. दोघं बराच वेळ तिथेच होते. एकदा ताईने हात लांब करून गावाकडे काहीतरी दाखवलं, भाऊजींनी मान डोलावली.

परत आल्यावर ताई काठावर उतरली, चपला झटकल्या आणि म्हणाली, "एवढंच? यासाठी लोक रांगा लावायचे?" मग तिने रुमाल काढून नाक पुसलं. "आता उभी काय राहिलीस? दोर धर," ती धाकटीवर खेकसली, आणि तो जुना खेकसण्याचा आवाज ऐकून धाकटीचा जीव भांड्यात पडला.

पुढच्या गोष्टी काही एकदम गोड झाल्या नाहीत. भिंत फुटली, पाणी गेलं आणि त्या जागी नुसता गाळ उरला. सगळा उन्हाळा तो भेगाळत पडला. त्याला गावाने "सरकारी चिखल" असं नाव ठेवलं. मुख्याध्यापिकांनी वर्तमानपत्रात पत्र लिहिलं. बदकं शेजारच्या गावातल्या पोहण्याच्या तलावावर गेली. तिथलं पाणी स्वच्छ होतं. भाऊजींनी विभागाच्या रोपवाटिकेत काम मागून घेतलं. हातमोजे घालून लव्हाळ्याची रोपं पिशव्यांतून लावायची, हे त्यांना मानवलं आणि हातांवर नवी कातडी धरू लागली. ताई पहिले काही महिने घरात बसून भिंतीशीच भांडली. मग वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्याच्या टेबलावर माणूस हवा होता, तिथे ती गेली. कोण काय वाचतं यावरून माणूस जास्त कळतो, तिकिटावरून काहीच कळत नव्हतं, असं ती पुढे म्हणू लागली. पण होड्या गेल्या ते बरंच झालं, असं ती कधीही म्हणाली नाही, आणि धाकटीने तिच्याकडून ते वदवून घ्यायचा प्रयत्नही केला नाही.

ओढा आत आला त्याच्या दुसऱ्या वर्षी काठ हिरवा झाला. लांब पायांचे दोन पक्षी येऊन गाळात चोच खुपसत फिरायला लागले. त्यांचं नाव गावात कुणाला माहीत नव्हतं. औषधवाले दुर्बीण घेऊन येऊ लागले आणि जो भेटेल त्याला सांगू लागले, की मी पहिल्यापासून म्हणत होतो.

एके दिवशी सकाळी, धाकटी ऑफिसात डोंगरापलीकडच्या रानाचा नकाशा पसरून बसली असताना ताईचा फोन आला.

"काय गं, तुमच्या त्या आराखड्यात बेडकांचं काही लिहिलंय का?"

"बेडकांचं? म्हणजे?"

"म्हणजे, त्यांनी गप्प कधी बसायचं ते. झोपू देत नाहीत मेले. तुझे भाऊजी खिडकी उघडी ठेवून ऐकत बसतात आणि मला म्हणतात, तो जाड्या आवाजाचा आज आला नाही. मी म्हटलं, आला नाही तर बरंच झालं."

"आणि आला होता का तो?"

"आला होता," ताई म्हणाली. "उशिरा आला." आणि मग घाईघाईने, वाचनालयात कुणीतरी आलंय असं सांगून तिने फोन ठेवला.